बंदराकडचा वारा

रविवार कारंजाजवळ, सायकलच्या दुकानावर,
जिन्याला कठडा नसलेल्या एका खोलीत
मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते.
सात ते साडेआठ. महिन्याला चारशे.
पंखा एकच, तोही माझ्या बाजूला फिरत नाही.

रंजन थेटे, वय बेचाळीस,
ओझरहून न्हावाशेव्याला द्राक्षांचा कंटेनर नेतो.
बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून आडवा बसतो.
दुबईच्या कुठल्याशा कंपनीला अर्ज करायचा होता त्याला,
शेवटच्या ओळीत आभार:
ही अपॉर्च्युनिटी दिल्याबद्दल.
पेन तिथेच थांबलं.
“म्हणजे काय हो, बाई?”

संधी, मी म्हणाले.
“ती आईला आहे,” तो म्हणाला, “दोन्ही गुडघ्यांत.”

वर्ग हसला. तो नाही हसला.
मीही जरा उशिरानेच हसायची थांबले,
कारण माणूस चुकला नव्हता.
हाड हाडाला भेटतं ती संधी,
दिवस रात्रीला भेटतो ती,
दोन राजे दमले की कागदावर भेटतात तीही,
आणि फळ्यावर मी वर्षानुवर्षं मांडली ती:
महा अधिक ईश, महेश.
जुळताना ‘आ’ जातो, ‘ई’ जाते,
उरतो तो ‘ए’ दोघांपैकी कुणाचाच नसतो.
आपल्यात संधी आली म्हणजे
कुणीतरी थोडं झिजलेलं असतंच.

इंग्रजी शब्दाचं कूळ निराळं.
घरी एक जाड कोश आहे, पाठीला चिकटपट्टी लावून जगवलेला,
त्यात वाचलं होतं ते सांगितलं:
लॅटिनमध्ये ऑब म्हणजे कडे, पोर्तुस म्हणजे बंदर.
बंदराकडे वाहणारा वारा, तो हा शब्द.
शिडं आहेत, नावाडी आहेत, किनाऱ्यावरचे दिवेसुद्धा दिसतायत,
आणि जहाज बाहेर ताटकळतंय.
मग पाठीमागून वारा सुटतो.

सांगताना मी हात बरेच हलवले असणार.
गोदाकाठची बाई मी, आमच्याकडे पाणी गुडघाभर,
तेही सिमेंटवरून जाणारं.

थेटेची मान आडवी हलत होती.
“बंदर मी बघितलंय, बाई.
तिथं वाऱ्याला कोण विचारतंय?
गेटवर वेळ दिलेली असते. ती हुकली, की व्हा बाजूला.
मागल्या फेब्रुवारीत कसारा घाटात टँकर उलटला,
पुढं एकोणीस तास उभा होतो रांगेत.
आत थॉमसन, गार ठेवायला डिझेल जाळतोय,
मालक दर तासाला फोन करतोय.
आणि वारा होता की! रग्गड होता.
समुद्राकडनंच येत होता, थेट तोंडावर.”

खडू माझ्या हातात तसाच.
तोच वारा तो. अगदी तोच.
कोशातल्या खलाशांना आत घेणारा,
ह्याच्या डोळ्यांत वाळू घालणारा.
शब्द पाण्याकडून आलेल्यांनी केला होता.
घाट उतरून, पाठीवर माल घेऊन,
जमिनीकडून बंदराला जाणाऱ्याला
त्यांनी विचारलंच नव्हतं.

“मग आमच्या अंगाच्या वाऱ्याला काय म्हणायचं?”
मी घड्याळ बघितलं. साडेआठला पाच कमी होती.
त्याच्या वहीत एक पी कमी होता, तो घातला,
आणि म्हणाले, लिहा, अर्जात हाच शब्द चालतो.

त्याने लिहिला. जपून,
उतारावर गाडी दुसऱ्या गिअरात ठेवावी तसा.

मुलाखत मंगळवारी होती. आज शुक्रवार.
त्याच्या बाकावर कुणीतरी सरळ बसलंय.

वर्ग सुटल्यावर पुलावरून पंचवटीकडे निघाले
तर मागून वारा. आई त्याला त्र्यंबकचा म्हणायची,
कुठून येतो तेवढंच सांगणारं नाव.
पदर पुढे उडाला, चार पावलं आपोआप भरभर पडली.
दूध घ्यायचं राहिलं होतं,
आणि डेअरी मागे, कारंजाकडेच.
वळले.